जावेचा हप्ता

माझ्या धाकट्या जावेला सरकारचा पहिला हप्ता आला, तेव्हा तो मेसेज मीच तिला वाचून दाखवला. देवगाव रंगारीला आमच्या भावकीत बारसं होतं. बायका पाळण्याभोवती दाटीवाटीनं बसलेल्या, आणि जावेच्या कमरेला खोचलेल्या बटव्यात फोन वाजला. तिनं तो काढला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढं धरला. मेसेज इंग्रजीत होता आणि त्या घोळक्यात इंग्रजी वाचणारी मी एकटी. शहरात राहण्याचे असे काही फायदे असतात. मी वाचलं. तिच्या खात्यात दोन हजार रुपये जमा झाले होते, शेतकरी म्हणून. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, म्हणून मी ते मोठ्यानं सांगितलं. पाळण्याची दोरी तेव्हा माझ्या हातात होती, ती जरा जोरात ओढली गेली आणि बाळ रडायला लागलं.

त्या वर्षी केंद्रानं नवी योजना काढली होती. ज्याच्या नावावर शेतजमीन, त्याच्या खात्यात वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. मधे कुणी वाटणारा नाही, पैसे थेट बँकेत. गावात चर्चा बरीच होती, पण पैसे खरंच येतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. आणि भावकीतल्या बायकांत सगळ्यात आधी आले ते माझ्या जावेला.

मला आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. माझ्या पोटात दुखलं. जाऊ पंगतीत वाढत होती आणि येईल त्याला सांगत होती की अक्कांनी स्वतः वाचलं, खरंच आलेत. म्हणजे तिच्या सुखाची साक्षीदारही मीच.

दोन हजार म्हणजे फार मोठी रक्कम, अशातला भाग नाही. मी ब्लाउज शिवते. लग्नसराईत अस्तराचे पाच-सहा ब्लाउज शिवले की तेवढे सुटतात. पण ते मान मोडून मिळवलेले, आणि आले की फ्लॅटच्या कर्जात जाणारे. तिचे पैसे तिच्या नावानं, तिच्या खात्यात, ती नुसती जी आहे त्याच्यासाठी आले होते. मी जी आहे त्याच्यासाठी मला आजवर कुणी चहासुद्धा पाजला नव्हता.

जमिनीचं सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. सासऱ्यांची कोरडवाहू जमीन होती आणि दोन मुलगे, माझा नवरा थोरला. सासरे असतानाच त्यांनी वाटण्या केल्या. थोरल्याचा हिस्सा थोरल्याच्या नावावर लागला. धाकट्याला, म्हणजे माझ्या दिराला, तिर्रट खेळायचा नाद. एकदा पत्ते हातात आले की घरी जनावरं तहानली आहेत की माणसं, याची त्याला शुद्ध नसायची. सासऱ्यांना भीती, याच्या नावावर केली तर जमीन पत्त्यांत जाईल. म्हणून त्यांनी धाकट्याचा हिस्सा त्याच्या बायकोच्या नावावर केला. सातबाऱ्यावर जावेचं एकटीचं नाव. भावकीत तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं, पण माझं कारण वेगळं होतं.

माझा नवरा पत्त्याला हात लावत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, संध्याकाळी पाळी संपली की वाळूजच्या कारखान्यातून सरळ घरी. आयाबाया म्हणायच्या की नशीब काढलंस. आता बघा नशीब. नवरा बिघडलेला म्हणून तिच्या नावावर जमीन आणि माझा सरळ निघाला म्हणून माझ्या नावावर काही नाही. फ्लॅट त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, गॅसचं कार्डसुद्धा त्याच्याच नावावर. माझ्या नावावर एक शिलाई मशीन, तेही त्याच्या दुकानदार मित्राकडून घेतलेलं, त्यामुळं पावती त्याच्याच नावानं.

माहेरीही जमीन नव्हती. माझे वडील फर्दापूरला रंगीत दगड विकायचे. लेण्यांना आलेल्या पाहुण्यांच्या मागं मागं जाऊन मुठीतले चकाकणारे दगड दाखवायचे आणि दोन भाषांत भाव सांगायचे. मला थोडंफार इंग्रजी आलं ते त्यांच्यामुळं. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं साऱ्या गल्लीला सांगितलं होतं की पोरगी जमिनीवाल्यांत दिली. मी जमिनीवाल्यांत आले खरी, पण पाहुणी म्हणून.

त्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गावी गेलो. दुष्काळाचं वर्ष होतं. देवगावला विहिरी आटलेल्या, टँकर यायचा. टँकर यायच्या आधी लोक रस्त्याच्या कडेला आपापले ड्रम आणि टाक्या मांडून ठेवायचे, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर ऑइलपेंटनं मालकाचं नाव घातलेलं. सगळी नावं बाप्यांची. त्या रांगेत एक नवी कोरी काळी टाकी होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात माझ्या जावेचं नाव. आडनावासकट, अक्षरं चांगली हातभर. पहिल्या हप्त्यात थोडे घालून तिनं ती घेतली होती.

मी त्या टाकीपुढं उभी राहिले. एका प्लास्टिकच्या टाकीचा कुणाला हेवा वाटेल का? मला वाटला. आमच्याकडं शहरात नळाला आठवड्यानं पाणी यायचं, शहराला लागूनच्या सातारा परिसरातल्या आमच्या बिल्डिंगला तर नळही पोचला नव्हता. चारी बाजूंनी नव्या स्कीम उभ्या राहत होत्या, जाहिरातीत पोहण्याचे तलाव होते आणि आम्ही टँकरसाठी वर्गणी काढत होतो. पण आमच्या टाकीवर बिल्डरचं नाव होतं.

परत येताना गाडीवर मागं बसून मी नवऱ्याला म्हटलं की तुमच्याही नावावर जमीन आहे, कसतो भाऊ पण सातबारा तुमचा आहे, मग आपण का नाही अर्ज करायचा. तो म्हणाला, करू की. त्याला कशाचीच घाई नसते.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत एक सेवा केंद्र होतं. तिथं सगळे दाखले निघायचे. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेला, बोलायला सभ्य. त्यांनी सातबारा पाहिला, आधार पाहिलं आणि विचारलं की घरात कुणी आयकर भरतं का.

नवरा माझ्याकडं बघायला लागला.

त्याचं काय झालं होतं, फ्लॅट घेताना नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर पुरेसं कर्ज बसत नव्हतं. कर्जाची कामं करून देणारा एक एजंट होता. तो म्हणाला, वहिनींचा शिलाईचा धंदा दाखवू, त्यांच्या नावानं रिटर्न भरू, म्हणजे बँक दोघांचं उत्पन्न धरते. त्यानं माझ्या घरातल्या मशीनला बुटिक म्हटलं. उत्पन्न जरा हात सैल सोडून लिहिलं, आणि कर थोडासा तरी भरलेला दिसला की फाइल वजनदार होते असं सांगून तोही भरायला लावला. भरलेला कर एका पैठणीच्या ब्लाउजच्या शिलाईएवढा. कर्ज झालं, फ्लॅट झाला, आणि रिटर्न मात्र दरवर्षी भरत राहिलो, कारण एजंट म्हणाला की एकदम बंद केलं तर बरं दिसत नाही.

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देवगावला गेले तेव्हा मी ओटीभर बायकांना ऐकवलं होतं की मी इन्कम टॅक्स भरते. जावेनं विचारलं होतं, ते काय असतं. मी तिला समजावून सांगितलं की सरकारला आपल्याकडून पैसे लागतात, सगळ्यांकडून घेत नाहीत, ठरावीक लोकांकडूनच घेतात. ती बिचारी किती वेळ माझ्याकडं बघत राहिली होती. तो दिवस मला फार चांगला गेला होता.

केंद्रवाल्यांनी नियम सांगितला. नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं मिळून एक कुटुंब. त्यांतल्या एकानंही मागच्या वर्षी आयकर भरला असेल तर सगळं कुटुंब बाहेर. जमीन कुणाच्याही नावावर असो. त्यांनी भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. त्यात कोण कोण बसत नाही ते लिहिलं होतं. आमदार-खासदार, सरकारी नोकर पण शिपाई सोडून, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आणि आयकर भरणारे.

"मॅडम मोठ्या लोकांत आहेत," ते म्हणाले.

एक क्षणभर मला बरंही वाटलं, इतकी मी मूर्ख. मग बाहेर येऊन गाडीला किक मारताना नवरा एवढंच म्हणाला की चला वकीलसाहेब, आणि मला मिरच्या झोंबल्या. घरी येईपर्यंत मी त्याच्या पाठीकडं बघत एजंटाला शिव्या घालत होते. पण जीव जळत होता तो एजंटापायी नाही. मी एका ब्लाउजच्या शिलाईएवढ्या पैशांत मोठी झाले होते आणि ती काही न भरता शेतकरी झाली होती.

त्यानंतर दर हप्त्याला माझी परीक्षा. जावेच्या फोनवर रिचार्जच्या जाहिरातीही इंग्रजीत आणि हप्त्याचा मेसेजही इंग्रजीत. तिला फरक कळायचा नाही. शेजारणीकडून त्या मेसेजचा फोटो काढून घ्यायची, मला पाठवायची आणि मागोमाग फोन. अक्का, हा त्योच हाय का? आणि मी कात्री खाली ठेवून सांगायची की हो, तोच आहे. कधी कधी मी मुद्दाम फोन उचलायची नाही. तर ती दुपारभर थांबून पुन्हा करायची, आणि आधी विचारायची की तब्येत बरी आहे ना. अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? मी तोही करत होते.

तिनं एका हप्त्यात शेळी घेतली. एका हप्त्यात खताच्या दोन गोण्या. एकदा शिऊरच्या बाजारातून स्वतःसाठी चपला आणल्या आणि मला फोनवर सांगितलं की दुकानदारानं विचारलं मालक कुठंयत, तर मी म्हनलं मीच हाय. ती हसत होती. मी पण हसले, आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या जोडल्या.

नवऱ्याला हे सगळं दिसत होतं. तो बोलायचा नाही, पण मी टीव्हीवर शेतकऱ्यांची बातमी लागली की उठून आत जाते हे त्याच्या लक्षात आलं होतं. एकदा तो म्हणाला की तुला नक्की काय पाहिजे, सहा हजार मी ओव्हरटाइमला मिळवून देतो. मी म्हटलं, तुमच्या ओव्हरटाइमचे नको. मग कशाचे? मला माझं नाव पाहिजे होतं, कुठंतरी, कशावर तरी, पण बेचाळिशीला आलेल्या बाईनं हे तोंडानं मागायचं कसं.

मग बजेटमध्ये सूट वाढली. आमच्याएवढ्या उत्पन्नावर कर लागेनासा झाला. रिटर्न भरला पण कर शून्य. मी वर्षभर वाट पाहिली, आणि ज्या वर्षी हिशोबात एकही रुपया कर भरलेला राहिला नाही, त्या वर्षी नवऱ्याला घेऊन पुन्हा क्रांती चौकात गेले. नवी साडी नेसले होते. कशासाठी ते विचारू नका.

केंद्रवाल्या गृहस्थांनी ओळखलं. कागद चाळले, चष्मा चढवला, कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाले की आता अडचण दिसत नाही, भरून टाकू. नवऱ्याचं बँकेचं पासबुक त्यांनी मागितलं.

मी माझं पुढं केलं.

ते म्हणाले की सातबारा यांच्या नावावर आहे, पैसे यांच्याच खात्यात जातील. मी म्हटलं, मग आम्ही जमीन माझ्या नावावर करून घेतो आणि महिनाभरानं येतो. ते हसले. म्हणाले की तसं चालत नाही, नाहीतर लोक घरातल्या प्रत्येकाच्या नावावर तुकडा लावून मोकळे होतील. सरकारनं एक तारीख ठरवली आहे. तिच्या आधी नाव लागलेलं असलं तरच. त्यानंतर विकत घेतली, बक्षीस मिळाली, वाटून दिली, तर धरत नाहीत.

"काहीच वाट नाही?" मी विचारलं.

"एकच. वारसानं आली असेल तर चालते. म्हणजे मूळ मालक वारले तर."

मूळ मालक माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, मांडीवर हेल्मेट घेऊन.

आणि मी विचारलं, "मग वारल्यावर किती दिवसांत सुरू होतं?"

शपथेवर सांगते, माझ्या मनात काहीही नव्हतं. एका नियमाला दुसरा नियम जोडून मी विचारत गेले, जशी शिवताना एका मापावरून दुसरं माप निघतं. गृहस्थांनी माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं आणि कॉम्प्युटरवर उगीचच काहीतरी बडवायला लागले. नवऱ्यानं टेबलावरचे कागद गोळा केले, नीट जुळवले, पिशवीत घातले आणि म्हणाला की राहू द्या, नंतर बघू.

बाहेर आल्यावर मी म्हटलं की अहो, मी सहज विचारलं. तो हेल्मेटचा पट्टा लावत होता. म्हणाला, "शुगर तपासून येतो. मग तुला अंदाज सांगतो."

पुढं किती तरी दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं. मी त्याच्या आवडीची शेपूची भाजी केली, त्यानं खाल्ली. मी माफी मागावी असं मला वाटत होतं, पण मागायला गेले की मनात यायचं, तिनं कधी कुणाची माफी मागितली? तिला तर घरबसल्या मिळालं. माझं डोकं असं जावेभोवतीच फिरायचं. भांडण नवऱ्याशी, आणि राग तिच्यावर.

एका सोमवारी त्यानं सुट्टी टाकली आणि सांगितलं की आधार घे, फोटो घे, कन्नडला जायचंय. कशाला ते सांगेना. एसटीत खिडकीजवळ बसला आणि वाटभर सुकलेल्या मक्याकडं बघत राहिला. कन्नडला उतरलो तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर त्याचे दोन ओळखीचे साक्षीदार म्हणून उभे होते. तेव्हा मला कळलं. त्यानं त्याचा सगळा हिस्सा मला बक्षीसपत्रानं द्यायचं ठरवलं होतं.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं की थोडा द्या, सगळा कशाला, आणि नुसतं माझं नाव जोडून घेतलं तरी चालतं म्हणतात. तुमचा अर्ज अजून होऊ शकतो. हे असं केलं तर तुमच्या नावावर जमीन राहणार नाही म्हणून तुम्ही बाहेर, आणि मला तारखेनंतर मिळाली म्हणून मी बाहेर. दोघंही बसणार नाही. नियम आता मला पाठ झाले होते.

"तिच्यासारखं पाहिजे होतं ना?" तो म्हणाला. "एकटीच्या नावाचं? घे. आता माझ्या मरणाची वाट बघायला नको."

साहेबांनी आत बोलावलं. त्यांची पद्धत असते, देणाऱ्याला विचारायची की हे राजीखुशीनं करता आहात का, कुणाचा दबाव आहे का. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. साहेब थांबले. बाहेर कुणीतरी झेरॉक्सवाल्याशी हुज्जत घालत होतं. मग तो म्हणाला, खुशीनं. आणि अंगठा लावला.

फेरफार होऊन नवा सातबारा हातात यायला वेळ लागला. माझं पूर्ण नाव त्यावर होतं, एकटीचं. मी तो एका प्लास्टिकच्या पाकिटात घातला. क्रांती चौकातल्या गृहस्थांना मुद्दाम विचारून आले, आशा कुणाला सुटते, आणि त्यांनी सांगितलं की मॅडम, आता तुम्हीही नाही आणि साहेबही नाहीत. मी म्हटलं, माहीत आहे. एवढ्यासाठी रिक्षाचे पैसे घालून गेले होते.

नवऱ्यानं नंतर तो विषय काढला नाही. तो पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागला, पण जमिनीचं काही निघालं की म्हणायचा, मालकिणीला विचारा. शेजारी हसायचे. त्यांना ती थट्टा वाटायची.

दिवाळीला देवगावला गेलो. दीर बाहेर कुठंतरी बसलेला, कुठं ते सगळ्यांना माहीत होतं. जाऊ ओसरीत करंज्या भरत होती. मी पिशवीतून पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं. मनात म्हटलं, बघ, आता माझंही आहे. हप्ता नाही मिळत, पण आहे.

तिनं हात पदराला पुसले. मराठी तिला वाचता येतं, अक्षर अक्षर जोडून. तिनं माझं नाव वाचलं, मग वर पाहिलं.

"भावजींनी दिलं?"

मी म्हटलं, हो. सगळा हिस्सा. स्वतःहून.

तिनं कागद हातात घेऊन पुन्हा वरपासून वाचला. करंजीची लाटलेली पारी सुकत होती. मग म्हणाली, "अक्का, माझं नाव लागलं त्या दिवशी सासऱ्यांनी ह्यांना चारचौघात जुगारी म्हनलं. ह्यांच्या हातातून काढली अन् माझ्या अंगावर टाकली. तवापासून हे माझ्याशी धड बोलले नाय. टाकीवर नाव घातलं तर चार दिवस घरात पानी पिले नाय. तुम्हाला दिलंय. मला कुनी दिलं नाय."

मी एक पारी उचलून भरायला घेतली.

"माझा हप्ता तुम्ही घ्या," ती म्हणाली. "दरवेळचा. नवऱ्यानं असं खुशीनं दिलं असतं, तर मी कशाचाच अर्ज केला नसता."

तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं. शुगर तपासून येतो म्हणाला ते, मरणाची वाट बघायला नको म्हणाला ते, आणि साहेबांनी विचारल्यावर किती वेळ माझ्याकडं बघत राहिला ते. दोन वाक्यांत तिचं मन हलकं झालं असतं. तिच्याबद्दल वाईट मला वाटलं, पण ते परतीच्या एसटीत, देवगाव मागं पडल्यावर. त्या ओसरीत मी गप्प बसले. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती माझा हेवा करत होती, आणि तो कागद मी तिच्या हातात तिला हवा तेवढा वेळ राहू दिला.